निजलेल्यांचा वाटा

गेल्या मंगळवारपासून स्वयंपाकघरातली पाल दिसत नाही. पावसाळाभर ती ट्यूबलाइटच्या पट्टीखाली असे. सातला हजर, दहाला गैरहजर, एखाद्या जुन्या कारकुनासारखी. मंगळवारी ती आली नाही. बुधवारी पहाटे मी गोधडीतून पाय बाहेर काढला आणि फरशीनं तो परत आत पाठवला. परभणीत थंडी अशीच येते. आदल्या दिवशी पंखा चालू असतो आणि दुसऱ्या दिवशी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते.

शनिवारी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून सेल बदलायला खाली घेतलं, तर पाल त्याच्यामागे होती. राखेच्या रंगाची, भिंतीला चिकटलेली. पालीला पापण्या नसतात, त्यामुळे ती झोपली आहे की नाही हे डोळ्यांवरून कळत नाही. मी बोट जवळ नेलं, तरी ती हलली नाही. घड्याळ तसंच परत अडकवलं. आमच्या स्वयंपाकघरात सध्या सव्वाचार वाजलेले आहेत.

ईरा, निहार, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की, आजी, तुझ्याकडे प्राणी हिवाळ्यात झोपतात का? तुमच्या शाळेला त्यावर काहीतरी लिहून हवं आहे. मी उत्तर देण्याआधीच मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "आजीच्या शेतातल्या बांधात सगळे झोपतात. आपण डिसेंबरात जातोय ना, ती दाखवेल." मी म्हणाले, लिहून पाठवते. तेच आज लिहायला बसले आहे.

आधी जे निश्चित माहीत आहे ते सांगते. तुमच्याकडे बर्फ पडतो, म्हणून तिथली झोपही पक्की असते आणि महिनोन्‌महिने चालते. आपल्याकडची झोप कच्ची. बेडूक, सरडे, साप, घोरपडी यांना अंगात ऊब तयार करता येत नाही, ती उन्हाकडून घ्यावी लागते. ऊन कोमट झालं की ते जमिनीत शिरतात. काळजाचे ठोके मंदावतात, खाणं थांबतं, पावसाळ्यात साठवलेल्या चरबीवर दिवस निघतात. बेडूक तर नाकानं श्वास घेणंही जवळजवळ बंद करतो. ओलसर कातडीतून मिळेल तेवढ्या हवेवर भागवतो. गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पांढरा पडदा ओढून घेते, पेजेवरची साय वाळावी तसा. दुपारी ऊन चांगलं तापलं तर घोरपड अर्धी बाहेर येते, दगडावर पोट टेकून पडते आणि चारच्या सुमारास परत आत जाते. म्हणून काही पुस्तकं आपल्याकडच्या या झोपेला खरी शीतनिद्रा म्हणतच नाहीत. आत्याबाईंनी ती पुस्तकं वाचलेली नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या बाबांच्या आजी. मी शिकले हैदराबादला, मिशनच्या शाळेत, सगळं इंग्रजीतून. आमच्या पुस्तकात हिवाळ्याच्या धड्यावर गुहेत झोपलेलं अस्वल होतं. ते चित्र मी इतकं सुबक काढलं होतं की वर्षभर ते वर्गाच्या भिंतीवर होतं. पण ते अस्वल लांब कुठंतरी, दुसऱ्यांच्या देशात झोपायचं. आपण चालतो त्या जमिनीखाली कुणी झोपलेलं असेल, हे मला लग्नानंतर कळलं. पहिल्याच हिवाळ्यात आत्याबाईंनी मला शेतात नेलं आणि काळ्या मातीला पडलेली हातभर खोल भेग दाखवली.

"ही उगं फट नव्हं," त्या म्हणाल्या. "दार हाय. आत लय जन हायती. चप्पल काढ अन् हळू चाल."

मी बी.एस्सी. झालेली मुलगी, चप्पल हातात घेऊन त्या बांधावरून चालले होते.

तो बांध कसा होता ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. सोनपेठच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला आपलं शेत. त्याचे दोन तुकडे. एक तुमच्या आजोबांचा, एक त्यांच्या धाकट्या भावाचा, बापूभाऊजींचा. दोन्हींच्या मधे बैलगाडी जाईल एवढा रुंद, कमरेएवढा उंच बांध. त्यावर बोरी होत्या, तरवड होता, एक वाकडी हिवर होती. माती पिढ्यान्‌पिढ्या न नांगरलेली, म्हणून मुळांनी घट्ट विणलेली आणि आतून पोकळ. पूर्वेच्या टोकाला घोरपडीचं बीळ. मधल्या दगडांत धामणी, एकीपेक्षा जास्त. भाऊजी म्हणायचे, "धामन म्हंजे आपली बिनपगारी गडी हाय वैनी, उंदराचं बघती." बेडूक सगळीकडे. पावसाळ्यात डबक्यांत ओरडून ओरडून झोप उडवणारे ते सगळे, दिवाळी सरली की तिथं खाली उतरत आणि वर कुणाचा मागमूस राहत नसे. त्या बांधावर हात ठेवला तर तो शेजारच्या मातीपेक्षा किंचित उबदार लागे. हे मी मोजून पाहिलेलं नाही. मला तसं वाटायचं.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आपल्याकडे येळवस असते. त्या दिवशी घरांना कुलपं लागतात आणि सगळा गाव आपापल्या शेतात जेवतो. कडब्याची खोप करतात, आत पूजा मांडतात. सगळ्या शेंगांची आणि भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली गार, आंबट आंबील. थोडी आंबील रानात शिंपडायची, मग पंगत बसायची. हे सगळ्यांकडे होतं. आमच्याकडे त्याच्या जोडीला आत्याबाईंचं एक छोटं मडकं असे. ते घेऊन त्या बांधावर जात आणि प्रत्येक बिळाच्या तोंडाशी चूळभर आंबील ओतत. हा निजलेल्यांचा वाटा.

तुमचे बाबा सात वर्षांचे असताना त्यांनी विचारलं होतं, "ते झोपलेत ना? मग पितं कोण?"

"मुंग्या पित्यात," आत्याबाई म्हणाल्या. "पन त्यांच्या नावानं पित्यात."

हे उत्तर सतीशला फार आवडलं. तो घोरपडीच्या बिळाला कान लावून पालथा पडला. भाऊजी शेजारी उकिडवे बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "हळू श्वास घे. उठली तर तुझ्या आईच्या कॉलेजात नाव घालावं लागंल तिचं." सतीश कितीतरी वेळ श्वास रोखून होता. त्याचा कान मातीनं भरलेला, गाल लाल झालेला. ते मूल मला आजही तसंच्या तसं दिसतं. पुढचं लिहिताना ते डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून लिहायला इतके दिवस लागले.

त्याआधी माझं स्वतःचं एक सांगते, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला परभणीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली. हिवाळ्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि कापायला बेडूक मिळेनात. मी शनिवारी गावी आले आणि भाऊजींना म्हणाले, मला बारा हवेत. भाऊजी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण नात्यानं धाकटे. माझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. तासाभरात ओल्या पोत्यात बारा बेडूक आले. हातात घेतले तर नदीतल्या गोट्यांसारखे गार. एकानंही सुटायची धडपड केली नाही. मला ते सोयीचं वाटलं.

आत्याबाईंनी बांधाला पडलेले खड्डे पाहिले. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता, तुमच्या आजोबांना म्हणाल्या, "जागं असतं तर उडी मारून गेलं असतं. निजलेल्याला धरलं. कालिजात हेच शिकवत्यात का पोरीला?" आणि मग नियम सांगितला. दिवाळी ते होळी, बांधाला कुदळ लागणार नाही. कुणाचीच नाही.

त्यानंतर मी कॉलेजात कधी हिवाळ्यात बेडूक कापले नाहीत. परीक्षा पुढे ढकलून घेतली, प्राचार्यांशी वाद घातला. एवढं केलं म्हणजे फिटलं, असं मी धरून चालले होते.

आत्याबाई गेल्या, नंतर तुमचे आजोबा गेले. मी परभणीतच राहिले. दोन्ही तुकडे भाऊजीच कसतात. आपला तुकडा मी सतीशच्या नावावर केला, कारण कागद वेळेवर नीट करून ठेवावेत असं मला वाटतं. मग गावात ऊस आला. उसाला लांब सरी लागते, तोडणीच्या यंत्राला वळायला जागा लागते. भाऊजींनी एकदा चाचरत विषय काढला, "वैनी, मधला बांध काढला तर..."

मी नाही म्हणाले नाही. हे नीट लक्षात ठेवा. मी त्यांना म्हणाले, "काढा, पण मला विचारून, आणि होळी झाल्यावर. ऊन तापलं की ते जागे होतील, दुसरीकडे जातील. त्यांना निघायला वेळ द्या." भाऊजी हसले. "तुमच्या शब्दाबाहेर हाय का मी?" म्हणाले. आम्ही चहा प्यायलो. इतकी वर्षं ज्यांच्याकडून एकही शब्द लिहून घ्यावा लागला नाही, अशा माणसाशी ते बोलणं झालं होतं.

हिवाळा आला की मला तो हिवाळा आठवतो. तीन वर्षं झाली. मार्गशीर्षातच माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं जेमतेम दिसायचं. दिवसभर पडून राहायचं, वाकायचं नाही, शिंकायचं नाही. सतीश तिकडून रोज फोन करायचा. भाऊजीही करायचे. येळवसेच्या दोन दिवस आधी मी त्यांना सहज विचारलं, "बांध कसा आहे? बोरं लागली का?"

"हाय की जागेवर," भाऊजी म्हणाले. "बांध कुटं जायलाय?"

मी हसले होते. ते हसणं मला अजून लागतं.

येळवसेला काळा चष्मा लावून, शेजारणीला बरोबर घेऊन मी एसटीनं गेले. आत्याबाईंचं मडकं मी आदल्या दिवशीच धुऊन ठेवलं होतं. शेतात पोचले तेव्हा खोप सजलेली होती, भज्जीचा वास सुटला होता, सगळे होते. मी मडक्यात आंबील घेतली आणि नेहमीच्या दिशेनं चालू लागले. चालत राहिले. पायांना चढ लागेना. मला वाटलं डोळ्यानं दिसत नाही म्हणून वाट चुकली. मग लक्षात आलं की मी सपाट, मऊ, नव्या मातीवर उभी आहे आणि दोन्ही बाजूंना एकच शेत आहे.

मागे वळले तर जावेनं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. भाऊजी खोपीच्या मागे कडबा सारखा करत होते. तो आधीच सारखा होता.

"भाऊजी, बांध कुठे आहे?"

"तुमी बसा आदी वैनी. ऊन लय हाय. जेवून घ्या."

"बांध कुठे आहे?"

"माती खोदायची मशीन आलती गावात. दुसऱ्याच दिवशी जायलती. म्हनलं घ्यावं करून. पुन्ना कवा येती काय म्हाईत."

"मला विचारायचं ठरलं होतं."

"इचारलं की," भाऊजी म्हणाले. "तुमाला न्हाई. सतीशला इचारलं. रान त्याचंच हाय ना. तो म्हनला, घ्या काढून काका, पन आईला सांगू नका, डोळ्याचं आपरेशन हाय, उगं जिवाला लावून घील. म्हनला, मी सांगतो तिला नंतर."

मी हातातलं मडकं खाली ठेवलं, तेव्हा त्यांना अधिकच अवघड झालं आणि त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "अन् वैनी, थंडीत बांधाला पयली कुदळ तर तुमच्यासाठीच मारली व्हती म्या."

ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच त्यांनी ते त्या वेळी काढायला नको होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं आम्ही दोघंही ते विसरलो आहोत.

बाकीचं जावेनं नंतर, भांडी घासताना सांगितलं. मशीनच्या मागं बगळे आले होते. कुठून इतके आले कुणास ठाऊक. "दोन दिस निसतं पांढरं झालतं रान, ताई. उडून बी जात नव्हते, इतकं खाल्लं." तिनं मला दुखवायला सांगितलं नाही. तिलाही ते कुणाला तरी सांगायचं होतं.

मी ते बगळे पाहिले नाहीत, तरी थंडी पडली की मला तेच दिसतात. बेडकाला खाणारे प्राणी असणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी जीवशास्त्र शिकवलं आहे. पण पावसाळ्यात बगळा दिसला की बेडकाला उडी मारता येते. हिवाळ्यात तो उडी मारायची ताकदच बाजूला काढून ठेवतो. अंग गार करतो, डोळे मिटतो, आणि मार्चपर्यंत ही माती आपल्याला उघडं पाडणार नाही असं धरून चालतो. झोपायचं तर हे धरून चालावंच लागतं. मीही त्या आठवड्यात डोळ्यावर पट्टी बांधून तसंच धरून पडले होते. माझी माणसं मला फोन करत होती, डोळ्यात थेंब घातलेस का विचारत होती, आणि एकमेकांना सांगत होती की तिला कळू देऊ नका.

मला कळलं असतं तर मी रडले असते, हे खरं आहे. कदाचित भांडलेही असते. भांडायला जागं असावं लागतं.

भाऊजींशी माझं बोलणं तुटलेलं नाही. ते दिवाळीला येतात, मी त्यांना चिवडा देते, ते डबा परत आणून देतात. आम्ही पावसाबद्दल बोलतो. पण मी त्यांना आता काही विचारत नाही. विचारलं की उत्तर येईल, आणि ते उत्तर मला पडताळून पाहावंसं वाटेल. पूर्वी मला ते कधी वाटलं नाही. ऊस चांगला झाला, तेही सांगते. लांब, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. यंत्र कुठंही अडलं नाही.

आणि तुमचे बाबा. ते दर रविवारी न चुकता फोन करतात. डोळा कसा आहे, गुडघा कसा आहे, गोळ्या संपल्या का. चांगला मुलगा आहे माझा, हे मी चारचौघांत सांगते आणि त्यात खोटं काही नाही. फक्त 'नंतर सांगतो' म्हणाले होते, ते नंतर अजून आलेलं नाही. पहिल्या रविवारी मी वाट पाहिली. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम येळवसेचा विषय काढला. ते म्हणाले, भज्जी केलीस का, इकडे मिळत नाही. तीन वर्षं मी स्वतःहून बोलले नाही, कारण मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. सांगितलं असतं तर मी तेवढ्यावर थांबले असते. बांध काय, भाऊजींनी होळीनंतर काढलाच असता.

या रविवारी मात्र ते तुम्हाला म्हणाले की, आजी बांधातले झोपलेले प्राणी दाखवेल. सहज म्हणाले. बहुधा विसरले आहेत. किंवा त्यांच्या मनात तो बांध अजून तिथंच आहे, सात वर्षांच्या मुलानं कान लावला होता तसा. यातलं काय वाईट, हे मला ठरवता येत नाही.

तुम्ही येणार म्हणून मी काल भाऊजींना फोन केला. त्यांना खरंच आनंद झाला. मी सांगितलं की मुलांना झोपलेले प्राणी बघायचे आहेत. त्यांनी आधी मुलं किती दिवस राहणार ते विचारलं. मग म्हणाले, "हिरीच्या काठाला मऊ जागा हाय वैनी. तितं एखांदा बेडूक घावल. पोरायसाठी उकरून दावतो. म्या सोता दावतो."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला समजलं. पण मी नको म्हणाले.

तेव्हा ईरा, निहार, तुमच्या शाळेसाठी एवढं लिहा: आजीच्या गावाकडे प्राणी हिवाळ्यात झोपतात, पण ते दाखवता येत नाहीत. तुम्ही येळवसेला या. खोपीत बसून पोटभर भज्जी खा. विहिरीच्या काठी मी तुम्हाला ती जागा लांबून दाखवेन. तिथं चप्पल काढायची, पाणी ओतल्यासारखी थोडी आंबील ओतायची आणि परत यायचं. मातीखाली कुणी आहे की नाही ते बघायचं नाही. आणि जिथं बांध होता तिथंही मी तुम्हाला नेईन. तिथं फक्त ऊस आहे. तिथं उभं राहून तुम्ही विचाराल की बांध कुठे आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे, पण ते देणं माझं काम नाही.

मला हे इंग्रजीत लिहिता आलं असतं. तुम्ही दोघांनी पाच मिनिटांत वाचून टाकलं असतं. मी मराठीत लिहिलं, कारण तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणजे जेवणं झाल्यावर, तुम्हाला दोन्ही बाजूंना घेऊन, तुमच्या बाबांनाच हे मोठ्यानं वाचावं लागणार. ते मधलं काही गाळणार नाहीत. लहानपणापासून त्यांना ती सवय नाही.

सतीश, इथपर्यंत आला असशील तर मुलं आता तुझ्याकडे बघत असतील. पुढचं मी लिहिलेलं नाही. ते तू सांग.